अष्टमीची पाहणी

जुईखार,
माघी पुनव

जगन,

फोन केला की तुझा स्वानंद उचलतो. "साहेब मीटिंगमध्ये आहेत ताई, मेसेज देतो." पीए झालाय म्हणून काय, सख्ख्या बहिणीला रांगेत उभं करायचं? म्हणून पत्र लिहिते. वर तारीख घातली नाही, तिथी घातली. खाडीकाठच्या गावात तारखेवर काही चालत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

पाच वर्षं झाली आपल्याला न बोलून. बाबांच्या बाराव्याला पंगत बसलेली असताना तू कंटेनर यार्डवाल्यांना शेत द्यायचा कागद माझ्यापुढे धरलास, मी सही केली नाही, तू भरल्या ताटावरून उठलास. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसले होते. निघालाच. जाऊ दे.

आज आनंदाने लिहिते आहे. काल रंजिताने मोबाइलवर दाखवलं, की विधानसभेच्या आश्वासन समितीचा प्रमुख म्हणून तुझी नेमणूक झाली. मला आधी वाटलं, आश्वासनं द्यायलासुद्धा आता समिती नेमायला लागले की काय! पोरगी पोट धरून हसली. मग तिने नीट समजावलं. मंत्री सभागृहात उभे राहून "करू, पूर्ण करू" म्हणतात, ते प्रत्येक बोलणं टिपून या समितीकडे जातं. समिती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारते, बोलला होतात त्याचं काय झालं? वाटलं तर गावात जाऊन डोळ्यांनी बघते. पक्षांचे गटनेते नावं देतात आणि विधानसभेचे अध्यक्ष नेमणूक करतात, हेही तिनेच सांगितलं. असंही म्हणाली की मामाला दुसरी वजनदार समिती हवी होती, ही गळ्यात मारली म्हणून तो फुगून बसलाय.

अरे वेड्या, फुगतोस काय! हीच तर आपल्याला हवी होती.

आठव. तू पहिल्यांदा निवडून गेलास, तेव्हा विरोधात बसायचास. आपल्या उघाडीवर लक्षवेधी मांडलीस. बाबा टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले होते, आईने मला हाताने गप्प केलं होतं. मंत्री उठले आणि म्हणाले, "जुईखारच्या उघाडीचं काम सहा महिन्यांत पूर्ण करण्यात येईल." बाबांनी सगळ्या गावात पेढे वाटले. पेढे पचले, बाबा गेले, तू पक्ष बदललास. उघाडी आहे तशीच आहे. म्हणजे आहे तशी तरी कुठे, आणखी मोडली. ते आश्वासन आता तुझ्याच टेबलावर येणार ना?

तुझ्या समितीतले मेंबर नागपूर-लातूरकडचे असतील, त्यांना उघाडी काय ते कळायचं नाही. त्यांना असं सांग: आमच्या बांधात दगडी मोरी असते, तिला लाकडी दारं. ओहोटीला दारं उघडून गावातलं पाणी खाडीत जातं, भरतीला दारं मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. आमची दारं कुजून गेली आणि मोरीचं तोंड यार्डाच्या भरावाने दाबलं. आता दर पुनवेला आणि अवसेला उधाणाचं पाणी आत येतं आणि आलं की जात नाही.

आईची खाट मी विटांवर चढवली आहे, एकेका पायाखाली तीन-तीन विटा. पाणी आलं की ती खाटेवर पाय वर घेऊन बसते आणि माळ ओढते. तिच्या पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, डॉक्टर म्हणतात पाय कोरडे ठेवा. कुठे ठेवू? रंजिताकडे पनवेलला चल म्हटलं की म्हणते, "या उंबऱ्यावर लगीन होऊन आलू, याच उंबऱ्यावरना जाईन." पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाआधी उघाडी झाली नाही तर तिला उचलून न्यावं लागेल, आणि तिला या घरातून उचललं तर ती काही तग धरायची नाही. मला एवढंच हवं आहे, जगन. आई तिच्या घरात राहू दे.

तुझी नेमणूक झाल्याचं सांगितलं तेव्हा आई काय म्हणाली माहीत आहे? "जगनचा शबूद हाय तो. आता तोच पुरा करंल."

शकूताय

*

जुईखार,
फाल्गुन वद्य षष्ठी

जगन,

तुझ्या समितीच्या दौऱ्याचं पत्र तलाठ्याने आणून दिलं आणि गावात शिमगा पुन्हा सुरू झाला. मी अंगणवाडीला दोन दिवस सुट्टी दिली. पोरं खूश.

काशिराम नानांनी देवळात बैठक बोलावली. "आपला पोरगा अध्यक्ष म्हणून येतोय, बरोबर पंधरा मेंबर, कलेक्टर ऑफिसची मानसं. गावाची शोभा व्हायला नको," असं नाना म्हणाले. मग कामं वाटली. तरुण पोरांनी पंप लावून खालच्या आळीतलं साचलेलं पाणी खाडीत फेकलं. यार्डाकडून डबर मागून रस्त्यावर टाकला. बायकांनी भिंतींवरचं मीठ खरवडलं आणि वर चुना फासला. आपल्या घराला मी स्वतः दोन हात दिले, गुडघ्यापर्यंत चढलेली ती पाण्याची पिवळी रेघ पार दिसेनाशी झाली. रांगोळीला नऊवारीवाल्या म्हाताऱ्यासुद्धा बसल्यात. जेवायला चिंबोरीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, आणि माळकरी मेंबरांसाठी वालाचं बिरडं.

मला एकच गोष्ट खटकली. परवा अष्टमी आहे. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी बांधापाशीसुद्धा येत नाही. बघायला आलेल्यांना काय दिसणार? मी बैठकीत तसं बोलले. नाना म्हणाले, "बरा हाय की! पावन्यांचे बूट तरी भिजायचे नाय." सगळे हो हो म्हणाले. मीही मग गप्प बसले. घरी आलेल्या पाहुण्याला आपण चिखलातून थोडंच नेतो? आणि अध्यक्ष घरचा आहे, त्याला काय दाखवायचं! तो लहानपणापासून या पाण्यात लोळलाय. तिथी ठरवताना तुझ्या लक्षात राहिलं नसेल, आता पंचांग तुझ्याऐवजी स्वानंद बघत असणार.

तरी जमलं तर पुढे ढकल. अवसेला आलात तर उभ्याने जेवाल, पण खरं बघाल. नाही जमलं तर तू सांगशीलच त्यांना तोंडाने.

आईने तुझ्यासाठी बोंबलाचं कालवण वेगळं ठेवायला सांगितलंय. पाच वर्षांचा राग गिळून मीच करणार आहे ते. वाट बघते.

शकूताय

*

जुईखार,
फाल्गुन अमावास्या

जगन,

खाटेवर बसून लिहिते आहे, आईच्या पायथ्याशी. खाली पाणी आहे. तू बसला होतास ती खुर्ची पाण्यात आहे. गेल्या आठवड्यात लावलेला चुना भिंतीवरून सुटून दुधासारखा पाण्यावर पसरलाय. बघायला ये म्हणत नाही, तू बघून गेलास.

चार गाड्या आल्या तेव्हा माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. ओवाळताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस, तरी मी म्हटलं, चारचौघांत असेल. मेंबर लोक गाव बघून म्हणाले, "काय सुंदर गाव आहे हो! रिसॉर्टच!" बांधावर गेले तर खाडी लांब, चिखलात बगळे. इंजिनियर साहेबांनी नकाशा उलगडला आणि सांगितलं की भरती-ओहोटीचा प्रवाह सुरळीत आहे. त्यांच्या पायाखालची उघाडी मोडकी होती. त्यावर आमच्याच पोरांनी झेंडूची माळ घातलेली.

त्या मराठवाड्याच्या बाई मेंबर मात्र माणूस होत्या. आपल्या घरात आल्या, भिंतीला हात लावला आणि बोटं बघितली. मग खाटेखाली वाकून विचारलं, "आजी, खाट विटांवर का ठेवलीय?" मी दारात होते. माझ्या मनात आलं, बोल आये, आता बोल. ती तुझ्याकडे बघत होती. तू त्या खुर्चीवर, मागे अधिकारी उभे, गळ्यात आमचा हार. आई म्हणाली, "काय नाय गो बाय. कंबर दुखतं, उठाया बरा परतं म्हनून उंच केलाय."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई! मुलाची मान खाली जाऊ नये म्हणून बोलली. साहेब लोकांसमोर, "माझ्या पोराच्या घरात पानी शिरतं" असं तिच्या तोंडून निघेना. मी पुढे झाले आणि म्हणाले, "नाही हो ताई, खरं म्हणजे..." आणि तू म्हणालास, "शकूताय, भाकऱ्या बघ. मंडळींना उशीर होतोय."

मी भाकऱ्या बघितल्या, जगन. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तुम्ही गेल्यावर भांडी घासताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वानंदला तिथी कळत नसेल. समितीतल्या कुणालाच कळत नसेल. पण तू? दहा वर्षांचा असताना बाबांबरोबर खाडीत आसूचं जाळं टाकायला जायचास. अवस-पुनवेचं उधाण, अष्टमीचा भांग, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. दौऱ्याचा दिवस समितीचा प्रमुख ठरवतो, रंजिताने विचारून घेतलं. महिन्याचे सगळे दिवस मोकळे होते आणि तू अष्टमी काढलीस.

यार्डाचा भराव उघाडीच्या तोंडावर आहे. काम निघालं तर पहिल्यांदा तो उचलावा लागेल. बाराव्याला माझ्यापुढे धरलेला तो कागद मला आता कळला, तू तेव्हापासूनच यार्डवाल्यांचा आहेस. मेल्या, सरळ सांगितलं असतंस तर मी चिंबोऱ्या तरी सोलल्या नसत्या!

आईला यातलं काही बोलले नाही. ती आत्ता मला विचारते, "कोनाला लिवतं?" मी म्हटलं, जगनला. म्हणाली, "त्याला सांग, कालवन तसाच ठेवून गेला. पोटभर जेवला नाय."

शकू

*

पनवेल,
आषाढी अवस

जगन,

आईला आणलं. रंजिताच्या फ्लॅटवर, तिसऱ्या मजल्यावर आहे. तुझ्या बंगल्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. तुला माहीत असावं म्हणून लिहिते, आग्रह नाही.

पुनवेच्या उधाणाला पाऊस पण होता. पाणी खाटेच्या विटांवरून वर आलं आणि विटा सरकल्या. आई पाण्यात पडली. मी एकटी, उचलवेना. शेजारच्या ताहेरने हाका ऐकल्या आणि दोन माणसं घेऊन आला. तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. उंबरा ओलांडताना तिने चौकटीला हात घातला. ताहेरने बोटं एक-एक करून सोडवली. तो रडत होता, आई रडत नव्हती. ती तेव्हापासून फार बोलत नाही.

रंजिता विधान भवनात गेली होती. कामावर रजा टाकून, पास काढून. तिथल्या माणसाने चांगलं वागवलं, बसवलं, चहा दिला. त्याने सांगितलं की समितीची मुदत संपली. तुमच्या पाहणीचा अहवाल जुन्या समितीने सादरच केला नाही, राहिलेली कामं नव्या समितीकडे जातील. नवी समिती कधी? पक्षांकडून नावं आली की विधानसभेचे अध्यक्ष नेमतील. नावं का येत नाहीत? त्यावर तो हसला म्हणे. "ताई, आधी मंत्रिपदं, मग महामंडळं, त्यातून उरलेल्यांना समित्या. आणि आश्वासन समितीला कुणी भांडत नाही." रंजिताने त्या मराठवाड्याच्या बाईंचं विचारलं. त्यांचं नाव या वेळी दुसऱ्या कुठल्या समितीसाठी गेलंय.

आणि तुझं नाव कुठे गेलं ते सगळ्या पनवेलला बॅनरवर दिसतंय. मंत्री झालास. मंत्र्याला समितीत बसता येत नाही, त्यामुळे प्रमुखपद गेलं. मिळालेलं खातं बघून मी दोनदा वाचलं. ज्या खात्याने आपली उघाडी बांधायची, तेच. हसावं की रडावं मला कळेना.

मी अवसेच्या पत्रात जे लिहिलं ते तू विसर. मी रागात होते. नको विसरूस, खरं होतं. पण बाजूला ठेव. आता तुला कुणाकडे दाद मागायची नाही, समिती नको, सचिव नको, पाहणी नको. एक सही कर. पावसानंतर काम सुरू झालं तर दिवाळीपर्यंत दारं बसतील आणि मी आईला परत नेईन. घराची भिंत अजून उभी आहे. छपराची कौलं मी बघून घेते.

यार्डाबद्दल मी कधी, कुणाकडे, एक शब्द बोलणार नाही. हवं तर लिहून देते. हवी ती सही घे माझी. बाराव्याला दिली नाही, ती आता देते. यापेक्षा खाली मला वाकता येत नाही रे.

शकूताय

*

पनवेल,
मार्गशीर्ष वद्य अष्टमी

जगन,

भाऊबीजेला स्वानंद साडी घेऊन आला. पैठणी आहे, चांगली आहे. घडी मोडली नाही.

नागपूरला अधिवेशन चालू आहे ना? थंडी असेल. काल आश्वासन समितीचा अहवाल सभागृहात ठेवला. रंजिताने मोबाइलवर काढून वाचून दाखवला. नव्या समितीने जुन्या पाहणीवरच काम भागवलं, पुन्हा कोणी आलं नाही. एवढंच लिहिलंय:

"प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी गावात पाण्याचा शिरकाव आढळून आला नाही. रहिवाशांनीही तशी तक्रार केली नाही. विभागाने विनंती केल्यानुसार सदर आश्वासन वगळण्यात येत आहे."

विभागाची विनंती म्हणजे तुझी विनंती. मंत्र्याच्या सहीशिवाय ती जात नाही, हेही त्या चहा देणाऱ्या माणसाने रंजिताला सांगितलं. प्रश्न तू विचारलास, आश्वासन तू घेतलंस, आणि ते काढून टाकायची विनंतीही तूच केलीस. सही तू केलीस खरी, पण मला हवी होती ती नव्हे.

मला सगळ्यात लागलं ते मधलं वाक्य. रहिवाशांनी तक्रार केली नाही. म्हणजे आई. तिने तुझ्यासाठी जे खोटं सांगितलं, तेच तू तिच्याविरुद्ध कागदावर घातलंस. इतका कसा रे तू? कुणाच्या पोटचा?

जुईखारमध्ये आता कुणी राहत नाही. ताहेर पनवेलला भावाकडे आला, काशिराम नाना नेऱ्याला मुलीकडे. परवा नानांनी फोन केला होता. म्हणाले, "शकू, आपून तेव्हा चुना नको लावाया पायजे होता गो." मी म्हटलं, जाऊ द्या नाना. आपल्या घराची मागची भिंत गेली. देवळात मात्र पाणी नाही, देऊळ उंच आहे.

आई आहे. खाते थोडं. तिसऱ्या मजल्यावर राहते हे तिला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही. आल्यावर चार दिवसांनी तिने विटा मागितल्या. रंजिताने समजावलं, आजी, इथे पाणी येत नाही. ऐकेना. शेवटी शेजारच्या बिल्डिंगचं काम चाललंय तिथल्या वॉचमनकडून बारा विटा मागून आणल्या, लिफ्टने वर आणल्या, आणि खाट चढवली. तेव्हा कुठे झोपली. पुनवेला आणि अवसेला ती पाय वर घेऊन बसते. स्वच्छ कोरड्या लादीकडे बघत रात्र काढते आणि मला विचारते, "किती आला गो?"

आज अष्टमी, म्हणून ती निवांत आहे. दुपारी ऊन खायला गॅलरीत बसवली होती. अहवालाचं तिला सांगावं का, असं मनात येत होतं. तिचा हक्क आहे, तिचंच वाक्य छापलंय त्यात. तेवढ्यात तीच म्हणाली, "जगन कवा येनार उघाडी बघाया?"

मी तुझी चूक झाकणार नव्हते, जगन. तोंड उघडलंही होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी तुझ्याकडे बघत होती ना, तसंच. आणि माझ्या तोंडून निघालं, "समिती अजून नेमली नाय, आये. नेमली का येईल."

"मंग बरा," म्हणाली, आणि पाय खाली सोडून बसली.

हे शेवटचं. पुन्हा लिहीत नाही.

शकू